जंगम मालमत्तेपैकी एक मादी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, धंदा माहितीपट बनवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. भाच्याला शंका असेल तर मी जिवंत आहे तोवर त्याने ती तोंडावर विचारावी. याआधीचे मृत्युपत्र मी रद्द करते.

एक. स्थावर मिळकत म्हणजे हे दोन खोल्यांचे घर. ते विकावे. न्हाणीघरातला नळ सोडला की भिंतीतला पाइप कुणी हातोडी मारल्यासारखा वाजतो, हे घेणाऱ्याला आधीच सांगावे. मी तो नळ वापरत नाही, स्वयंपाकघरातून बादली भरून नेते.

दोन. माझ्या संकलकाला मी शिकारीच्या दिवसाची मूळ ध्वनिफीत देते. त्या दिवशी होडीवाले पाण्यात लोखंडी नळ्या सोडून त्यांवर हातोड्या मारत होते. त्या आवाजाला भिऊन डॉल्फिनचा अख्खा कळप उथळ खाडीत शिरला आणि मागून जाळे ओढले गेले. मी वर कड्यावरून चित्रण करत होते. संकलकाने चित्रपटातून तो आवाज काढला आणि व्हायोलिन घातले. "लोकांना सोसवायला हवं ना, बाई," म्हणाला. लोकांना सोसवले. रडले आणि जेवायला गेले. त्याने ही फीत एकट्याने, शेवटपर्यंत ऐकावी. ऐकली की आमचे भांडण मिटले असे समजावे.

तीन. जंगम मालमत्ता. इथे माझे आणि वकीलबाईंचे वाजले.

त्या कळपातली लहान पिल्ले खेळ करून दाखवण्यासाठी निवडली आणि बाकीचे सगळे मारले. पाठीवरच्या पराला खाच असलेली एक पिल्लू मादी एका जलक्रीडागृहात गेली. तिला सोडवायला मी निम्मे आयुष्य कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. गेल्या वर्षी ते क्रीडागृह बुडाले, आणि खाऊ घालायचा खर्च नको म्हणून मालकांनी ती माझ्या गळ्यात मारली. पावतीवर लिहिले होते, "डॉल्फिन, मादी, एक, प्रशिक्षित, चालू स्थितीत." आता ती खाडीच्या कोपऱ्यात जाळीआड राहते आणि जिवंत मासे धरायला शिकते आहे.

"ती कुणाची मालमत्ता नाही," मी म्हटले.

"मला पटतंय हो," वकीलबाई म्हणाल्या, "पण तुम्ही लिहिलं नाहीत तर ती कायद्यानं भाच्याकडे जाईल."

भाचा वाईट नाही. त्याचे हॉटेल आहे आणि हॉटेलात तलाव आहे. "मावशी, तुझ्यामागं मी आहे ना तिला. पोरं तर वेडी होतील," असे तो प्रेमानेच म्हणाला. तेव्हा नाइलाजाने लिहिते : जंगम. जिला उभ्या जन्मात कुणी चार हात मोकळे फिरू दिले नाही तिला कायदा जंगम म्हणतो, या कायद्याला माझा कोपरापासून नमस्कार.

ती क्रीडागृहात होती तेव्हा मी तिकीट काढून जात असे. एकदा कारागीर पंप ठोकत होता. ती सर्वांत लांबच्या कोपऱ्यात गेली आणि तोंड भिंतीला लावून थांबली. प्रेक्षकांना तो खेळच वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन्ही कान झाकून बसले होते. तेवढ्या माणसांत तो आवाज कशाचा हे आम्हा दोघींनाच कळले होते. आजही जिन्याच्या कठड्यावर कुणाची किल्ली आपटली की मला खालचे लाल पाणी दिसते. मला भीती वाटते, आणि ती वयामुळे नाही.

चार. भाच्याच्या बायकोला माझ्या आईच्या बांगड्या. फूल ना फुलाची पाकळी. भाच्याने याखेरीज कशावरही हक्क सांगू नये.

पाच. सदर मादी मी त्या पाणबुड्याला देते, जो तिची जाळी दुरुस्त करतो आणि तिला खाऊ घालतो. घराच्या विक्रीची रक्कम मासे आणि जाळी यांवर खर्च करावी. तिला विकण्याचा, भाड्याने देण्याचा किंवा दाखवण्याचा हक्क त्याला नाही. हरवण्याचा मात्र पूर्ण हक्क आहे. असा हक्क कायद्यात नसतो, असे वकीलबाई म्हणतात. नसू दे.

ती स्वतःचे पोट स्वतः भरू लागली की जाळी काढावी. यावर पाणबुड्याने मला विचारले, "बाई, बाहेर त्या होड्या अजून आहेत. परत सापडली तर?"

सापडेलही. या प्रश्नाने माझी झोप केव्हाच नेली आहे. तरीही जाळी काढावी. त्या वेळी किनाऱ्यावर कॅमेरा नको, माझा तर नकोच. शिट्टी वाजवून तिला बोलावू नये. माग काढणारे यंत्र अंगाला लावू नये. ती कुठे गेली असे भाच्याने, पत्रकाराने किंवा होडीवाल्याने विचारले तर माहीत नाही म्हणावे, आणि ते खरे असावे.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून सही केली. पाणबुड्याला साक्षीदार होता येत नाही, कारण त्याला मिळायचे आहे. तो बाहेर जिन्यात बसला आहे.

साक्षीदार : १. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका (सही)
२. दाखला देणारे डॉक्टर (सही)

लिहून देणार : (सही)
ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : ९ नोव्हेंबर