तिसरे नाव

मी, एमेरिता रेन्तेरिया, दिवंगत सातुर्निनो यांची विधवा, वय एक्याऐंशी, व्यवसाय सुईणपण, राहणार पुएर्तो आनिमास, आत्रातो नदीकाठ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी बळजबरी केलेली नाही. लिहिते आहे ते देवाच्या भीतीने.

१. खांबांवरचे राहते घर, मागच्या केळी आणि कोंबड्या माझी भाची नुबिया हिला. शिडीचा खालचा दांडा कुजला आहे. मयताला लोक जमतील, त्याआधी तो बदलावा.

२. कात्री आणि एनॅमलचे घमेले आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना. बाळांच्या बेंबीत भरायच्या चूर्णांच्या डब्याही नुबियाला, कारण नर्सबाई त्यांना हसतात. मुंगीची पूड भरली की मूल कामसू होते. डब्यांवर नावे नाहीत, वासावरून ओळखावे.

३. मोठी कढई माझी चुलत बहीण उबाल्दिना हिला. सदतीस वर्षे मी तिला गावभर खोटारडी म्हटले. ती खोटारडी नाही.

४. हे कलम मालमत्तेचे नाही.

१९४९च्या पुरात रोस्मिरा मेना होडीतच बाळंत झाली. वल्हे उबाल्दिनाच्या हातात होते. मूल निळे पडलेले, श्वास नाही. फादर दोन दिवसांच्या वाटेवर. मूल असे जात असले तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकते. आमच्या नदीवर ते सुईणीचे काम. तीन ओंजळी पाणी, प्रत्येक ओंजळीला एक नाव: पिता, पुत्र, पवित्र आत्मा. एक नाव राहिले तर बाप्तिस्मा झालाच नाही.

दुसऱ्या ओंजळीला मूल रडले. मी त्याला छातीशी घट्ट धरले. तिसरे नाव घेतले की नाही, मला आठवत नाही.

उबाल्दिना म्हणाली, "दोनच घेतलीस गं."

मी म्हटले, "तुझ्या कानात पाणी गेलंय."

महिन्याने त्या वेळचे फादर आले. त्यांनी विचारले, "सगळे शब्द म्हटलेस?"

"हो, फादर."

त्यांनी पुन्हा पाणी ओतले नाही, फक्त तेल लावले. बाप्तिस्मा एकदाच होतो, नियम तसाच आहे.

ते मूल म्हणजे आमचे आजचे फादर लिसान्द्रो. ज्याचा बाप्तिस्मा नाही त्याची फादरपणाची दीक्षाही नाही, आणि त्याने दिलेली पापक्षमा कोणाला पोचत नाही. नऊ वर्षे या गावाची पापे तोच ऐकतो. माझा सातुर्निनो त्याच्याकडूनच क्षमा घेऊन गेला. कुठे गेला, मला माहीत नाही. दर रविवारी लिसान्द्रो ख्रिस्ताचे शरीर म्हणून माझ्या जिभेवर भाकर ठेवतो. ती नुसती भाकर असेल, असे दर वेळी मनात येते.

काल त्याला बोलावून सांगितले.

"माई, तुला ताप आहे," तो म्हणाला.

"ताप नाही. उबाल्दिनाला विचार."

तो जाऊन आला आणि शिडीवरच बसला.

"सेमिनरीत फादर व्हायला शिकत होतो तेव्हा विचारायचे, तुला देवाची ओढ कशी लागली. मी दर वेळी हेच सांगायचो. पुराच्या तोंडातून देवानं मला ओढून घेतलं, माईच्या ओंजळीनं." मग म्हणाला, "ओढ तरी खरी होती ना?"

मला स्वतःला देवाकडे भीतीनेच ओढत नेले. दुसरी ओढ मी पाहिलेली नाही.

तो आज बिशपांकडे निघाला आहे. तिथे "आधी झाला नसेल तर" असे म्हणून त्याचा बाप्तिस्मा होईल, मग दीक्षा. तोवर तो माझे पापनिवेदन ऐकणार नाही.

"पूर उतरू दे, मग जा," मी म्हटले.

"आणि तोवर तू गेलीस तर?"

म्हणजे तो माझ्यासाठीच घाई करतो आहे. पाणी दगडी क्रूसाच्या चौथऱ्याला लागले आहे. होडी उलटली तर तो बाप्तिस्म्यावाचून बुडेल, आणि पुन्हा माझ्यामुळे.

५. नावाडी तेओफिलो हिनेस्त्रोसा याला काही ठेवलेले नाही; साक्षीदाराला काही देता येत नाही. लिसान्द्रोला तोच नेणार आहे, म्हणून त्याच्याकडून आज सकाळी बाप्तिस्म्याचे शब्द पाठ करून घेतले.

"म्हण."

"लिसान्द्रो, मी तुला बाप्तिस्मा देतो, पित्याच्या, पुत्राच्या..."

"पुढे?"

"दम तर घेऊ दे, माई. आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. सात वेळा झालं. एवढ्यात मी पलीकडच्या गावाला जाऊन आलो असतो."

"आठव्यांदा म्हण."

त्याने म्हटले. एकही नाव सुटले नाही.

"फादरांचं झालं," तो म्हणाला. "आणि मीच बुडालो तर?"

"तुझा झालाय. मीच दिला, जन्मलास त्याच दिवशी."

तो हसत उठला, टोपी घातली. मग दारात थांबला.

"नीट दिलास ना, माई?"

मी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवले.

वरील सर्व मी लिहिले, वाचले आणि कायम केले.

एमेरिता रेन्तेरिया (सही)

साक्षीदार:
तेओफिलो हिनेस्त्रोसा, नावाडी (सही)
आदान पालासिओस, शिक्षक (सही)

पुएर्तो आनिमास, चोको
९ नोव्हेंबर १९८६, होडी सुटण्यापूर्वी