अर्ध्यावर राहिलेला झेंडा

स्कारबी, जूनचा दुसरा आठवडा

आदरणीय डागनीताई,

थोरवालचा नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे. 'सर्व' म्हणजे त्यात गुडरुनसुद्धा आली. हे मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहितो, कारण तू पाठवलेलं पांढऱ्या फुलांचं चक्र परवा पोचलं आणि दार उघडून ते तिनेच घेतलं. आणणाऱ्या माणसाने टोपी काढली, मान खाली घातली आणि म्हणाला, "तुमच्या दुःखात सहभागी आहे." ही म्हणाली, "कसलं दुःख?" त्याने चिठ्ठीवरचं नाव वाचून दाखवलं. ही म्हणाली, "ती मीच. आणा इकडे." माणूस पायऱ्या उलट्या पावलांनी उतरला. चक्र आता स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलंय आणि रोज त्याला पाणी घातलं जातं. तुझी चिठ्ठी तिने मोठ्याने वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. 'गुडरुनसारखी कष्टाळू आणि धीराची बाई आपल्या घरात दुसरी आली नाही,' असं तू लिहिलं आहेस. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुझ्या तोंडून तिच्याबद्दल एवढं चांगलं मी ऐकलं नव्हतं, तिनेही नाही. आता हे शब्द परत घेता येणार नाहीत, असं तुला कळवायला तिने सांगितलंय.

फोन करणार होतो. पण फोनवर तुला ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि 'बायको जिवंत आहे, बायको जिवंत आहे' असं मी अंगणात उभं राहून किती ओरडणार? लोकांना वाटेल तक्रार करतोय.

तुझे गुडघे कसे आहेत? यंदा गवतात गोचिड्या फार झाल्यात, पायमोजे वर ओढूनच बाहेर जा. माझा रक्तदाब वाढलाय. डॉक्टर म्हणतो काही नाही, पण तो तरुण आहे, त्याने अजून काही पाहिलेलं नाही. छातीत मधूनच फडफड होते. त्याला विचारलं तर म्हणाला, कॉफी कमी करा. (कॉफी कमी करून माणूस जगला तर तो करतो काय, हे त्याने सांगितलं नाही.)

तर ताई, आता मुळापासून सांगतो. गुडरुनने जन्मभर शिंपल्यांच्या कारखान्यात उभं राहून काम केलं हे तुला माहीतच आहे. काम संपल्यावर ती घरी बसेल, विणेल, आपण दोघं संध्याकाळी धक्क्यावर जाऊन फियोर्डच्या पाण्याकडे बघत बसू, असा माझा हिशेब होता. दोन महिने ती बसलीसुद्धा. खिडकीशी बसायची आणि काही बोलायची नाही. मी म्हटलं, दमली असेल. मग एक दिवस आमच्या दंतवैद्याच्या शेतावरून एक पंखवाला माणूस भुर्र करत आमच्या छपरावरून गेला. वर कापडाचा लांबट पंख, खाली दोऱ्यांना लोंबकळणारा माणूस आणि त्याच्या पाठीला मोटर लावलेला पंखा. मी कोंबड्या आत घेतल्या. गुडरुन बाहेर गेली. पुढच्याच आठवड्यात ती त्या शेतावर दाखल झाली. शिकवणारा कोण? तोच दंतवैद्य, पाल्ले. त्याला पॅरामोटरचं वेड आहे आणि दुसऱ्यांना ते लावायची खोडही.

मी त्याला जाब विचारायला गेलो. चूक इतकीच झाली की दाढ दुखत होती म्हणून दोन्ही कामं एकाच फेरीत उरकायला गेलो. मी खुर्चीत पडलो, तोंड उघडलं, त्याने दोन्ही हात आत घातले आणि मग म्हणाला, "हं, बोला थोरवाल, कशाची भीती वाटते?" आता मी काय बोलणार? मी 'आ' म्हटलं की तो म्हणायचा, "अगदी बरोबर, म्हणूनच तर आधी पोहायची परीक्षा घेतली." पुन्हा 'आ' म्हटलं की, "हो ना, वाऱ्याकडे लक्ष ठेवावंच लागतं." असा आमचा खुलासेवार विचारविनिमय झाला. घरी येऊन गुडरुनला सांगितलं, तर तिला आधीच कळलं होतं. पाल्ले फोनवर म्हणाला होता की तुमच्या यजमानांनी काहीही हरकत घेतली नाही.

शेतावरून नुसतं उडाली असती तर मी एक वेळ गिळलं असतं. पण या लोकांना चटक असते ती पाण्याला चाटून उडायची. उंचावर म्हणे वेग कळत नाही, सगळं नकाशासारखं पडलेलं असतं. पाण्यावर उतरून आलं की वेग अंगावर येतो. पायांची बोटं वर करून फक्त टाचा पाण्याला टेकवायच्या, की मागे दोन पांढऱ्या रेघा उमटत जातात. पहिल्यांदा ते करून आली तेव्हा गुडरुन ओल्या बुटांनीच स्वयंपाकघरात शिरली (जिने मला त्याच लादीवरून इतकी वर्षं अनवाणी चालवलं) आणि म्हणाली, "थोरवाल, लोण्यावरून सुरी फिरते ना, तसं!" मी म्हटलं, सुरी लोण्यात रुततेसुद्धा.

आणि मी उगाच बोललो नाही. मी सातवीनंतर शाळा सोडून बाबांबरोबर वाम धरायला गेलो. तू शिकलीस, मी नाही, पण दोऱ्या आणि पाणी यांचं एकमेकांशी काय नातं आहे ते मला पुस्तकाशिवाय कळतं. जाळ्यात गुरफटलेला माणूस मी पाहिला आहे. तो जितका धडपडतो तितकं जाळं त्याला घट्ट धरतं. इथे तर पाठीवर मोटर, छातीवर पट्टे आणि वरून अख्खं कापड आपल्या सगळ्या दोऱ्यांसकट अंगावर येणार. पाल्ले म्हणतो, पाणी जवळ आलं की आधी पट्टे सोडायचे, आणि मोटरला बांधलेली हवेची पिशवी पाण्यात आपोआप फुगते. म्हणतो खरा. त्याचं हेही म्हणणं होतं की दाढेचं दुखणार नाही.

आता त्या सकाळचं. ताई, हे नीट वाच, कारण यालमारने तुला फोनवर जे सांगितलं ते यातूनच निघालं. आमच्या अंगणातल्या काठीवरची अरुंद पताका हिवाळ्यातल्या वादळात फाटली. नवी लावायची राहून गेली. गुडरुनने शेतावरून फोन केला, "काठीवर काहीतरी लाव रे, वारा कुठून येतोय ते पाण्यावरून दिसत नाही." घरात देशाचा मोठा झेंडा, दानेब्रोग, तेवढाच होता, तो घेऊन मी बाहेर आलो. सकाळी आठच्या आधी झेंडा चढवत नाहीत, पण आठ वाजून गेले होते, म्हणजे त्यात काही गैर नव्हतं. झेंडा दोरीला बांधला, चढवायला लागलो. तेवढ्यात ती आली. फियोर्ड काचेसारखा पडला होता, एक सुरकुती नाही. ढग वर तेवढेच खाली. पाल्लेनेच एकदा सांगितलं होतं की असं पाणी सर्वांत वाईट, कारण त्याच्यापासून आपण किती वर आहोत ते डोळ्याला कळत नाही. गुडरुन खाली खाली येत होती. टाचा टेकल्या, दोन पांढऱ्या रेघा निघाल्या. मग तिला वाटलं असावं की अजून वीतभर जागा आहे. ती नव्हती.

मी हातातली दोरी होती तिथेच खुंटीला गुंडाळली आणि लांब काठीची आकडी घेऊन धावलो. होती तिथेच म्हणजे कुठे, तर झेंडा बरोबर अर्ध्यावर होता. वारा नाही, त्यामुळे लोंबतही मेल्यासारखाच होता. पण हे मला कुठे ठाऊक? मी होडीत होतो. होडीचं यंत्र सुरू होईना, म्हणून वल्ही घेतली. पाण्यावर नारिंगी कापड पसरलेलं दिसत होतं आणि त्याच्या खाली कोणी दिसत नव्हतं. ताई, मी तेवढं अंतर कसं वल्हवलं ते मला सांगता येणार नाही. मी मोठ्याने काहीतरी बोलत होतो. आपल्या आईची जेवणाआधीची प्रार्थना असावी, दुसरी मला येत नाही.

मग कापडाच्या पलीकडून आवाज आला, "दोऱ्यांवर वल्हं घालू नकोस, बावळटा! पलीकडून ये!" हवेची पिशवी फुगली होती आणि ही तिला धरून बदकासारखी तरंगत होती. पट्टे तिने कधीच सोडले होते. मी वल्हं दोऱ्यांवर घातलंच. मग ते सोडवता सोडवता अर्धा फियोर्ड आमच्या बोलण्याने दणाणला. शेवटी मी तिला आत ओढली. दात वाजत होते, नाकातून पाणी येत होतं आणि ती हसत होती. म्हणाली, "पाहिलंस का? टाचा टेकल्या!" मी म्हटलं, "पाहिलं. मागोमाग डोकंही टेकलं." तर अजूनच हसायला लागली. मी रडत होतो, पण दोघंही ओलेच असल्याने ते कळलं नाही.

इकडे गावात काय झालं असेल ते तूच समज. गुडरुन उडते हे सगळ्यांना ठाऊक. आमच्या अंगणात झेंडा अर्ध्यावर. स्कारबीत याचा अर्थ कोणी विचारायला जात नाही, लोक काळे कपडे घालतात आणि केकचं पीठ भिजवतात. आम्ही कापड, मोटर आणि पिशवी ओढत किनारा गाठेपर्यंत स्वयंपाकघर माणसांनी भरलं होतं. मी दार ढकलणार, तर गुडरुनने माझी बाही धरली. "थांब. ऐकू दे." आम्ही मागच्या पायरीवर ठिबकत उभे राहिलो.

आत पाद्रीबाई बोडिल विचारत होत्या, "मी काय बोलू तिच्याबद्दल?" कोणीतरी म्हणालं, कॉफी पातळ करायची. (गुडरुनने आवाज ओळखलाय.) कोणी म्हणालं, "आता थोरवालचं कसं व्हायचं? त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत." यावर सगळे हसले, ताई, माझ्या घरात, माझ्या दुःखात! मग यालमारचा आवाज आला. यालमार म्हणजे आमचा शेजारी, जन्मभर जकातीच्या कचेरीत होता, कोणाकडून चांगला शब्द निघायचा तर त्याच्याकडून शेवटी. तो म्हणाला, "कारखाना सुटल्यावर ती खिडकीत बसायची तेव्हा मला वाटायचं, ही बाई आता जाणार. मग उडायला लागली. गेली खरी, पण खिडकीत बसून गेली नाही."  मी गुडरुनकडे पाहिलं नाही, तिनेही माझ्याकडे पाहिलं नाही.

मग तिने दार उघडलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

ताई, तो क्षण मला सांगता येत नाही. यालमारच्या हातातली बशी पडली. पाद्रीबाई उभ्या राहिल्या, कारण मेलेलं माणूस उठून येण्याच्या प्रसंगाचा त्यांना सराव असायला हवा, पण तो नव्हता. गुडरुनने टेबलावरचा तीन थरांचा केक पाहिला, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बसा की सगळे. पातळ कॉफीचं कोण म्हणालं ते मी विसरीन, पण तो कडेचा तुकडा माझा." मग सगळे एकदम बोलायला लागले.

फक्त यालमार त्यात नव्हता. तो बाहेर जाऊन झेंड्याखाली उभा राहिला. म्हणाला, "एकदा अर्ध्यावर आला की दफन होईपर्यंत तो वर जात नाही. नियम आहे." मी म्हटलं, "अरे, पण पुरायचं कोणाला?"  शेवटी पाद्रीबाईंनी तोडगा काढला, "मोटर गेली आहे ना?" मोटर खरंच गेली होती, तिच्या पोटातून फियोर्ड वाहत होता. तिला गोणपाट घालून पडवीत निजवली, बोडिलबाईंनी दोन शब्द सांगितले, आणि मग यालमारने स्वतःच्या हाताने झेंडा टोकापर्यंत चढवला. तुला मात्र त्याने आधीच फोन करून टाकला होता. (पाल्लेने पुढे मोटर उघडली, वाळवली, आणि ती पुन्हा जिवंत झाली. त्याच्या हातून एखादी दाढ कधी अशी वाचली नाही.)

तर ताई, माझी कळकळीची विनंती. तू तिला एक कडक पत्र लिही. लहानपणी मला लिहायचीस तसं. आता बास झालं, पाणी म्हणजे खेळ नव्हे, थोरवालचं काळीज एवढं दणकट नाही, असं सगळं घाल. माझं ती ऐकत नाही. तुझ्या चिठ्ठीनंतर तुझं ऐकेल. मला दुसरं काही नको, ती घरात राहिली म्हणजे झालं.

गोचिड्यांचं विसरू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
थोरवाल

ता. क. - वरचं पत्र लिहून टेबलावर ठेवलं होतं, ते गुडरुनने वाचलं.  जाऊन त्या खिडकीतल्या खुर्चीवर बसली आणि तशीच बसून राहिली. मला ते बघवेना. तेव्हा कडक पत्र लिहू नकोस. लिहिलं असलंस तर टाकू नकोस. टाकलं असलंस तर मी टपालवाल्याशी बोलतो.

ता. क. २ - येत्या रविवारी तुझा ऐंशीवा वाढदिवस. आम्ही येतोय, पण पुलावरून फिरून नाही, सरळ फियोर्डवरून. गुडरुन तिच्या पंखावर. पाल्लेकडे तीन चाकांचं दोघांचं वाहन आहे, त्यात चालवणारा मागे बसतो आणि दुसरा पुढे. म्हणजे काही आपटलंच तर आधी पुढचा आपटतो. पुढे मी आहे. मी किनाऱ्यावर राहिलो की काय होतं ते साऱ्या गावाने पाहिलंय. तुझे घोडे आत बांध, त्यांना आवाजाची भीती वाटते. मलाही वाटते, पण मला बांधणारं वर कोणीतरी आहे.

ता. क. ३ - भाऊजींचं लाइफ जॅकेट तुझ्या पडवीत खिळ्याला टांगलेलं असायचं. भाऊजी माझ्याच अंगापिंडाचे होते, म्हणजे ते मला बसेल. त्याचे पट्टे ओढून बघ आणि फेरीबोटीबरोबर शनिवारच्या आत पाठव. गुडरुनसाठी नको, तिचं आहे. आणि रविवारी सकाळी तुझ्या काठीवर झेंडा चढव, म्हणजे वारा कळेल. टोकापर्यंत चढव, ताई. मध्येच आम्ही दिसलो, आणि पाण्याशी काहीही करताना दिसलो, तरी तो वर पोचेपर्यंत दोरी सोडू नकोस.