यादी कोणाची?

राजुरा

प्रिय प्रेमिला,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. व्हायवात नापास झालीस आणि दुसऱ्याच दिवशी आरमोरीची बस पकडलीस. वसतिगृहाच्या पलंगावर सगळी पुस्तकं आणि वर तुझी चिठ्ठी, "मले हे जमत नाई. कोनाले पायजे त देऊन टाक." मी एकही दिलेलं नाही. तुला जमत नसेल तर आपल्या अख्ख्या वर्गाने भजी तळायला बसावं.

आपल्या दोघींच्या प्रोजेक्टची ती इवलीशी ऑपरेटिंग सिस्टीम आठवते ना? "मला इतक्या ठोक्यांनी उठव" असं सांगून एकेक प्रोसेस हातचं काम थांबवून झोपायची आणि आपल्या टायमरने तिला वेळेवर उठवायचं. मी शहाणीने प्रत्येकीला वेगळा आकडा दिला आणि घड्याळाच्या दर ठोक्याला सगळे आकडे एकाने कमी करत बसले. तीन-चार होत्या तोवर ठीक. पन्नास झाल्या तेव्हा मशीन नुसतं मोजतच राहिलं, कामाच्या नावाने शून्य. तू शेजारी डबा खात होतीस. म्हणालीस, "काऊन साऱ्यायची वेळ मोजून राह्यली? पहिल्याची मोज. बाकीचे त्याच्या मागं हायेत."

मग तुझ्या बाबांचं, मनसारामकाकांचं सांगितलंस. गावच्या तलावाच्या पाण्याची पाळी ते सांभाळतात, पण त्यांचं लक्ष फक्त ज्याच्या धानाच्या बांधीत पाणी चालू आहे त्याच्यावर. पाळीत मागे असलेल्या दसरूभाऊंना एवढंच ठाऊक असतं, की लालसूभाऊंचं झालं की आपलं. तुझी यादी तशीच. पाच, आठ आणि बारा ठोक्यांनी उठायचं असेल तर यादीत लिहायचं पाच, तीन, चार, म्हणजे पुढच्यापेक्षा किती जास्त एवढंच. दर ठोक्याला कमी होणार तो फक्त पहिला आकडा. मी माझे पन्नासही आकडे खोडून टाकले. ही युक्ती जुन्याजाणत्यांनी वापरलेली आहे हे मला नंतर पुस्तकात सापडलं. तू ते पुस्तक उघडलंही नव्हतंस! त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला गं, आणि त्याहून जास्त अभिमान.

व्हायवात गुणवंतराव सरांनी पाच, आठ आणि बारा ठोक्यांच्याच तीन प्रोसेस झोपवल्या आणि लगेच पहिलीचा टायमर रद्द केला. आठव्या ठोक्याला उठायची ती तिसऱ्यालाच उठली, बाराची सातव्याला. सरांनी चष्मा काढला. "यादी कोणाची?" तू पडद्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "माही हाय, सर," म्हणालीस. यादी तुझीच होती, खोटं काही नव्हतं. तू नापास झालीस, मी पास.

पण टायमर रद्द करायचा भाग माझा होता, प्रेमिला. तलावावर लालसूभाऊंनी पाळी सोडली की मागचे सगळे पुढे सरकतात, पाणी लवकर मिळतं, सगळे खूश. तुझी गोष्ट डोक्यात इतकी बसली होती, की मी प्रोग्राममध्येही तेच केलं. नाव खोडलं आणि मोकळी झाले. जाणारीचे उरलेले ठोके मागचीच्या आकड्यात मिळवायला हवे होते, कारण लवकर उठव असं तिने कुठे सांगितलं होतं? चूक कुठल्या ओळीत आहे ते तुला दिसलं होतं, हे मला तुझ्या त्या एका नजरेत कळलं. तू माझं नाव घेतलं नाहीस आणि मी गप्प बसले. दहा दिवस पास होऊन हिंडतेय, स्वतःची लाज वाटते. काल सरांना सगळं लेखी दिलं. त्यांनी माझा निकाल थांबवलाय आणि गुरुवारी अकराला दोघींची व्हायवा पुन्हा ठेवलीय. ती ओळ मी अजून तशीच ठेवलीय. सगळ्यांसमोर आधी मी सांगेन की ती माझी, मग तू ती दुरुस्त कर. माफ करायचं की नाही ते नंतर ठरव. पण ये.

तुझ्या मागे लपलेली, तरी तुझीच,
पुनम