गाठ लहान झाली, चरबीचं काय?

मंगळवार, दिवेलागण

फुफ्फुसातली गाठ निम्मी झाली म्हणे. सून रडली, मला भूक लागली. तीन महिने "अत्ती, वजन उतरवा" म्हणत माझं तूप तोडलंय हिनं.

मी डॉक्टरलाच विचारलं, "माझ्या चरबीनंच घात केला काय?"

"अज्जी, चरबीनं रोगाशी लढणारे अंगातले रखवालदार सुस्तावतात. पण सलाईनमधलं हे औषध त्यांनाच गदागदा हलवतं. म्हणून जाड माणसाला कधी कधी जास्त लागू पडतं."

मी सुनेकडं बघितलं. म्हणाली, "कधी कधी म्हणाले, अत्ती!"

"उपास नको, पण रोज चाला," म्हणाला डॉक्टर.

आमच्या मळमड्डीच्या अलीकडंच रिक्षा सोडली नि घरापर्यंत चालत आलो. धापा सुनेला लागल्या. खोटं कशाला लिहू, मलाही लागल्या. पण आजच्या धापांची भीती वाटली नाही.