पोटातला थांबा

३ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अंडाशयातल्या गाठीपासून सुटलेल्या पेशी सगळं पोट फिरून नेमक्या चरबीच्या पडद्यावरच का बसतात? तुझ्या या प्रश्नाचं पुरतं उत्तर मला देता येत नाही. आमच्या प्रयोगशाळेत कुणालाच येत नाही. आता तू म्हणशील, मग ती पदवी भिंतीवर कशाला टांगली? पण घरातली पहिलीच पदवी म्हणून खिळा तूच ठोकला होतास.

फोनवरचं उडून जातं, कागद परत वाचता येतो, असं तू म्हणतेस म्हणून लिहिते. या पेशींना शेजार लागतो. काचेच्या बशीत त्या एकट्या ठेवल्या तर रेंगाळतात. शेजारी चरबीच्या पेशी ठेवल्या की फोफावतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पोटात तेलाचे थेंब दिसतात आणि शेजारणींची चिपाडं झालेली असतात. तुझ्या कंडक्टरकीच्या भाषेत सांगायचं तर फुकट जेवणाचा थांबा त्या सोडत नाहीत. म्हणून डॉक्टरीणबाई ऑपरेशनात तुझ्या गाठीबरोबर तो पडदा, म्हणजे तो थांबाच, उठवणार आहेत. तू निर्धास्त राहा.

काकांना नमस्कार. लोभ आटू देऊ नये.

तुझी,
पंतोजी

१९ ऑगस्ट

चि. पंतोजी यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाठ झालं. जन्मभर फुकट्यांना बसमधून उतरवलं, आता ते माझ्याच पोटात जेवायला बसलेत म्हणे! तेव्हा मी भोजनालयच बंद केलं. तुझं पत्र आल्यापासून तेल, तूप, दूध, पोळी सगळं बंद. दोन वेळा उकडलेली भाजी आणि पाणी. काका ओरडतात, पण त्यांना सांगितलं, घरात शिकलेली पोरगी आहे, तिच्या शब्दावर चाललंय.

वजन झरझर उतरलं. गणवेशाचा जुना पट्टा आता दोनदा गुंडाळता येईल. काल डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि अंगात ताकद नाही म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं. मला बरंच वाटलं, तेवढीच त्या मेल्यांची उपासमार. जिना चढताना मात्र मध्येच बसावं लागतं. बाईंना यातलं काही बोलले नाही, तूही बोलू नकोस. त्या जुन्या वळणाच्या आहेत, तुझं विज्ञान त्यांना कळायचं नाही.

वेळेवर जेवत जा. माया आहेच.

तुझी,
आत्या

२३ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी लिहिलं ते बशीतलं होतं, ताटातलं नव्हतं. हे वाक्य पहिल्याच पत्रात हवं होतं. तू तूप सोडलंस म्हणून त्या पेशी उपाशी राहत नाहीत; आधी तूच उपाशी राहतेस. जखम भरायला लागणारी ताकद अन्नातूनच येते. आणि ऑपरेशन लांबलं, तर तो थांबा तेवढेच दिवस उघडा राहतो.

पुढच्या आठवड्यात परिषदेत मी हीच बशी पडद्यावर दाखवणार होते. नवी साडीही घेतली होती. ते भाषण आता शेजारच्या टेबलावरची मैत्रीण करील. तिला चित्रं दिली, समजावून सांगितली. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण रजा दिली; मी तुझ्याकडे राहायला येतेय. तू बरी होईपर्यंत स्वयंपाक माझ्याकडे. मीठ कमी पडलं तर तिकीट न काढलेल्या प्रवाशाला झापायचीस तशी झाप.

राहिली एक गोष्ट. तू बोलू नकोस म्हणालीस. काल मी डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. काय काय खायला द्यायचं ते त्यांनी सांगितलं आणि वजन सावरलं की लगेच तारीख देते म्हणाल्या. काकांनाही मी तेव्हाच कळवलं. म्हणजे हे पत्र हातात पडेल तेव्हा तुझ्यासमोर ताट वाढलेलं असेल.

रागाव, पण जेवून रागाव.

तुझी,
पंतोजी