दोन ग्रॅम आणि आठ आणे

४ नोव्हेंबर

झालं! मागवला एकदाचा काटा. चीनहून! रूपेशने — ठाण्याचा पुतण्या — फोनवरून केलं सगळं. 'काका, किराण्याचा काटा नाही का चालत?' म्हणे. चालत असता तर तुझ्या मिनतवाऱ्या केल्या असत्या का रे!

रेकॉर्ड प्लेयरची सुई किती दाबाने टेकते ते मोजायचंय. कंपनीच्या कागदावर आहे — दोन ग्रॅम. जास्त झाला की सुई रेकॉर्ड खरवडते. धनेश सोनाराने त्याचा काटा तासभर दिला होता, पण त्याचं तबक उंच. सुई रेकॉर्डच्या उंचीवर टेकली तरच वजन खरं. हा चिनी काटा बुटका आहे, बिस्किटाएवढा.

बाकीच्या रेकॉर्डी अंदाजाने लावत आलो. पण ही एकच आहे. लग्नाच्या आधी जयवंती मोखाड्याला आश्रमशाळेत होती, नववीत, तेव्हा मुंबईच्या कुणी बाई आल्या, मुलींची शेतात नागली, म्हणजे नाचणी, लावायची गाणी टेप करून नेली आणि छोटी रेकॉर्ड काढली. जयवंती ओळ उचलते, बाकीच्या तिच्यामागे. मी प्लेयर घेतला तेव्हा एकदा ऐकली आम्ही. मग कपाटात! छत्तीस वर्षं कारकुनी केली मी — मूळ प्रत फायलीबाहेर जात नाही.

'एकदा लावा ना.' किती वेळा म्हणाली असेल! 'आधी सुईचं वजन नीट करू दे.' माझं ठरलेलं उत्तर. रिटायर झाल्यावर करू म्हटलं. रिटायर झालो, आणि पाच महिन्यांत ती गेली. या तीस तारखेला दोन वर्षं.

तीसच्या आत काटा यायला हवा.

९ नोव्हेंबर

आज दिवसभरात बोललो ते एवढंच — 'अर्धा लिटर'. दूधवाल्याशी.

१५ नोव्हेंबर

पार्सल मुंबईत आलं म्हणे. पोस्टात दोनदा जाऊन आलो. गोरख पोस्टमन हसतो — 'काका, आलं का मीच आणून टाकीन ना! एवढी घाई कशाची हाय?' काय सांगू त्याला?

प्लेयर पुसायला काढला. रेकॉर्ड ठेवायच्या रबराखाली आठ आण्याचं नाणं सापडलं. ही जयवंतीची खोड. जिथे तिथे सुटे पैसे! किती ओरडायचो तिला. आता ओरडायलाही कुणी नाही. नाणं खिशात टाकलं.

भाकरी आजही तडकली. दुधात कुस्करून खाल्ली.

२४ नोव्हेंबर

आला!! गोरखने दारातूनच हाक मारली — 'काका, चीनवरनं आलाय! बाम्ब तर नाय ना?' त्याला चहा दिला. घाईत होता तरी बसवला. बरं वाटलं.

काटा खरा की खोटा बघायला खिशातलं नाणं ठेवलं. ३.७९. पुन्हा ठेवलं, ३.७९. पाच वेळा ठेवलं. तसूभर हलत नाही! एवढासा जीव, पण इमानी आहे.

मग सुई टेकवली. १.४! म्हणजे इतकी वर्षं कमीच होती. उगाच धाक बाळगला मी. सुईच्या दांडीमागचं वजन फिरवत फिरवत २.००.

रेकॉर्ड नाही लावली. तीसलाच.

२७ नोव्हेंबर

लाईट नाही. तरी जाऊन सुई बघून आलो. दोन ग्रॅमच आहे.

३० नोव्हेंबर

सकाळी अंघोळ करून, तिच्या फोटोला झेंडू घालून लावली.

खरखर. नुसती खरखर! मध्येच खोल विहिरीतून आल्यासारखा एक सूर, आणि पुन्हा खरखर. सुई बघितली, काटा बघितला. २.००. रेकॉर्ड उजेडात धरली — काळा तुकतुकीतपणा जाऊन करडी झालेली! तेहतीस वर्षं कपाटात होती ती. मी हात लावला नाही. चिनी काट्याला शिव्या दिल्या, मग कंपनीला. मग रडलो. लिहायला लाज कसली? कोण वाचतंय?

तेवढ्यात शेजारची योगिता दारात. लहानपणापासून आमच्या भिंतीला भिंत, आता शाळेत शिकवते. म्हणाली, 'काका, किती दिवसांनी लावलंत हो काकूंचं गाणं!'

मी म्हटलं, तुला गं काय माहीत?

'रोज तर लावायच्या काकू. दुपारी, तुम्ही जेवून ऑफिसला गेलात की. मी शाळेतून आले की भिंतीला कान लावून ऐकायचे. सुई उडायची तर दांडीवर आठ आणे ठेवायच्या — मग नाही उडायची. मला म्हणाल्या होत्या, त्यांना सांगू नको हं, त्यांना वाईट वाटेल.'

आठ आणे! १.४ आणि वर ३.७९. रोज.

योगिता खूप वेळ बसली.

१ डिसेंबर

दोन वर्षं या वहीत माझ्या एकटेपणाचं रडगाणं लिहितोय. एकटी ती होती. या घरात, रोज दुपारी — मी चांगला धडधाकट असताना.

काटा धनेशला देऊन टाकला. नाणं दांडीवर ठेवलं. थोडं जास्त ऐकू येतं. पहिली ओळ तर अख्खी.

झिजू दे.