संत्र्याच्या सालांचं बारा दिवसांचं लिक्विड

२ फेब्रुवारी
संकल्प. आजपासून घरात दुकानातलं फिनेल बंद. संत्र्याची सालं, साखर, पाणी. बस्स. व्हिडिओतली बाई म्हणते, बरणी तीन महिने ठेवा. क्वालिटी कंट्रोलमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला तिने हे सांगू नये! साखर दुप्पट घालून बारा दिवसांत उरकणार.
रिटायर होऊन पाच महिने झाले. या पाच महिन्यांत मला कोणी काहीही विचारलेलं नाही. आता विचारतील.

४ फेब्रुवारी
बरणी अकरा वेळा उघडून पाहिली. हिने विचारलं, दूध उतू जातंय का? मी झाकण घट्ट लावलं.

५ फेब्रुवारी, सकाळी ७
आज बरणी उघडायची नाही.

७.१०
उघडली. वर पांढरी साय धरलीय. प्रगती असावी.

१४ फेब्रुवारी
गाळलं. बाटल्या भरून सिंकखाली ठेवल्या. कामाच्या मावशींना अर्धा तास सूचना. त्यांनी वास घेऊन नाकाला पदर लावला. नव्या गोष्टीला विरोध व्हायचाच.

१७ फेब्रुवारी
काय ती फरशी! बाजारच्या मालाने झक मारावी. लिक्विड आपोआप हिरवट झालंय, आता फेसही येतो. मुरलं.

२१ फेब्रुवारी, रविवार
सोसायटीच्या सेक्रेटरींना डेमो. सिंकखालची बाटली नेली. पहिल्या मजल्यावरच्या पायरीचा जुना डाग एका पुसण्यात साफ! सेक्रेटरींनी विचारलं, पुढच्या रविवारी अख्ख्या जिन्याला पुरेल का? विचारलं! मला!
मावशी मधेच काहीतरी सांगत होत्या. हातानेच गप्प केलं. श्रेयात वाटा हवा असणार.

२२ फेब्रुवारी
दहा लिटर घातलं. या वेळी सहाच दिवस. साखर चौपट.

२८ फेब्रुवारी
चारही मजले स्वतः पुसले. कंबर गेली. पायऱ्यांना चपला जरा चिकटतात. म्हणजे ग्रिप आली. सेफ्टीच्या दृष्टीने उत्तमच.

१ मार्च, सकाळी
मुंग्या. चारही मजले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दाराबाहेर पाऊल टाकायला तयार नाहीत. सेक्रेटरींचा निरोप आला: डेमोवालं लिक्विड संध्याकाळपर्यंत हवं.

दुपारी
मावशींना विचारलं. म्हणाल्या, साहेब, तुमचं ते पाणी मी दुसऱ्याच दिवशी मोरीत ओतलं. बाटल्यांत दुकानातलं हिरवं फिनेल भरत होते, ताईंनीच आणून दिलं. सांगायला आले तर तुम्ही ऐकून कुठे घेतलंत?
मग हिच्याकडे गेलो. ही म्हणाली, इतक्या महिन्यांनी तुम्ही खूश दिसलात, माझ्याने सांगवेना.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. जेवलो नाही. म्हणजे, भात घेतला नाही.

संध्याकाळी ५
निर्णय. हिरव्या फिनेलचा मोठा कॅन आणलाय. लेबल काढून देऊ, कोणाला कळतंय! आमच्या डिपार्टमेंटमध्ये अशा माणसाला मी उभं केलं नसतं. पण प्रसंगच तसा आहे.

५.३०
लेबल सुटेना. आपलं लिक्विड चोळून पाहिलं. तरी सुटेना.

६.१५
सेक्रेटरी दारात. त्यांनी कॅन पाहिला, अर्धवट खरडलेलं लेबल पाहिलं. मग विचारलं, एका बादलीला किती झाकणं टाकायची?
मी घसा साफ करून सांगायला लागलो. ते माझ्या मागे उभ्या असलेल्या मावशींना विचारत होते.